अनुभव धागा: ओठ फुटला, गाल फाटला, तेव्हा काय केलंत?

रविवारी लेक टीपॉयच्या कडेवर तोंडावर आपटली. वरचा ओठ आतून फाटला, फ्रॉकभर रक्त. मी बधिर. सासूबाईंनी स्वच्छ फडक्याचा बोळा दाबला आणि तिला पुढे वाकवून बसवलं. मान मागे केली तर रक्त गिळून ओकेल म्हणे. मी मात्र दर मिनिटाला ओठ उचलून बघत होते आणि दर वेळी नव्याने भळभळ. डॉक्टर म्हणाले, ओठ हिरडीला जोडणारी बारीक पट्टी फाटली आहे, टाका नको, फक्त उचकू नका. आता तुमचे किस्से येऊ द्यात.

कात्रजकर
नायलॉन मांजा, पुलावर. हेल्मेट होतं, काच वर केलेली (हो, माझीच चूक). गाल नाकापासून चिरला. २०१७ मध्ये हरित लवादाने देशभर बंदी घातली, तरी संक्रांत आली की रीळ कुठून तरी येतंच. एका रिक्षावाल्या काकांनी धुतलेला पंचा दिला. घड्याळ लावून पंधरा मिनिटं दाबला, मध्ये एकदाही उचलला नाही. थांबलं. धनुर्वाताचं इंजेक्शन घेतलं, टाके पाचव्या दिवशी निघाले. चेहऱ्याला रक्तपुरवठा भरपूर, त्यामुळे वाहतंही फार आणि भरूनही लवकर येतं.

पेठेतली
धाकट्या भावाला क्रिकेटचा चेंडू लागला, वरचा ओठ कडेपर्यंत फाटला. आजीने हळद कोंबली. टाके राहिले बाजूला, डॉक्टर आधी बराच वेळ ती हळदच धूत बसले! नंतर भुलीची सुई ओठात न देता आतून, हिरडीच्या वर दिली. ओठात दिली तर तो फुगतो आणि त्वचा व गुलाबी भाग यांच्यामधली रेषा सापडत नाही. पहिला टाका नेमका त्या रेषेवर. एक मिलिमीटर सरकली तरी समोरच्याला कळते. आज शोधूनही खूण दिसत नाही, त्यामुळे आजी श्रेय हळदीलाच देते.

दुधात दात
माझा पुढचा पक्का दात सायकलवरून पडून आख्खा निघाला. बाबांनी मुळाला हात न लावता उचलला, घासला नाही, थंड दुधात टाकला आणि अर्ध्या तासाच्या आत दंतवैद्याकडे. टिकलाय. लहानग्यांचा दुधाचा दात मात्र परत बसवत नाहीत.

हडपसरहून
भटकं कुत्रं, पुतण्याचा गाल. साबण लावून नळाखाली पंधरा मिनिटं, मग थेट सरकारी रुग्णालय. टाके लगेच घातले नाहीत. आधी जखमेत सीरम (रेबीजविरुद्धची तयार प्रतिपिंडं), दंडात लस. वहिनी टाक्यांसाठी भांडत होती, मीही तिच्याच बाजूने. डॉक्टरांनी ऐकलं नाही ते बरं झालं.

धागाकर्ती
पेठेतली, तुझा किस्सा सासूबाईंना वाचून दाखवला. म्हणाल्या, "मी कुठे हळद लावली?" फडक्याच्या आधी हात डब्याकडेच गेला होता, डबा रिकामा निघाला!