मदत हवी आहे: शहराच्या कंत्राटांत प्राधान्य कोणाला? (माझंच सर्टिफिकेट आडवं येतंय)

सिलिंडरवाली

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं नुसती वाचते आहे, धागा पहिल्यांदाच काढते. लांबलं तर सांभाळून घ्या.

मी ओहायोतल्या एका मध्यम शहराजवळ राहते. मूळची सातारा जिल्ह्यातली, कराडला सिव्हिल केलं. इथे आमची नऊ माणसांची मटेरियल टेस्टिंग लॅब आहे: काँक्रीटचे सिलिंडर फोडायचे, भरावाची दबाई तपासायची, डांबराचे कोअर काढायचे. (कराडला क्यूब फोडायचो, इथे सिलिंडर. धूळ तीच.)

आमच्याकडे दोन सर्टिफिकेटं आहेत. एक शहराचं, अल्पसंख्याक मालकीच्या फर्मचं. दुसरं डीबीई, म्हणजे फेडरल पैशातून होणाऱ्या रस्ता-पुलांच्या कामांसाठी 'वंचित' उद्योजकाचं. दोन्ही मला 'भारतीय उपखंडातील' या खान्यातून मिळाली. कामाचा निम्मा भाग या कागदांच्या जोरावर येतो, हे आधीच कबूल करते.

आता शहराच्या कौन्सिलपुढे नवा ठराव आहे. वंशावर आधारलेली उद्दिष्टं (कामाचे अमुक टक्के अल्पसंख्याक फर्मना) काढून टाकायची आणि त्याऐवजी शहराच्या हद्दीतल्या फर्मला निविदेत 5 टक्के सवलत द्यायची, म्हणजे तुलना करताना तिचा दर तेवढा कमी धरायचा. त्यावर मत द्यायला जी सल्लागार कमिटी केली आहे, तिच्यात 'लहान उद्योजक' म्हणून मी आहे. पुढच्या महिन्यात जनसुनावणी, प्रत्येकाला तीन मिनिटं. माझा गोंधळ असा:

ऑक्टोबर 2025 मध्ये फेडरल वाहतूक खात्याने डीबीईचा नियम बदलला. अमुक वंशाचे म्हणून किंवा बाई म्हणून आपोआप वंचित धरणं बंद झालं. आता प्रत्येकाने स्वतःची कहाणी लिहून द्यायची, माझ्या वाट्याला काय अडचणी आल्या, नुकसान किती झालं. मी रात्री जेवणं उरकून लिहायला बसले. चार ओळी झाल्या, त्यातल्या तीन खोडल्या. पहिलं कर्ज तिसऱ्या खेपेला मिळालं हे खरं आहे. पण ते माझ्या रंगामुळे नाकारलं की इथे माझी पतच तयार झालेली नव्हती म्हणून, हे मला प्रामाणिकपणे सांगता येत नाही. वडील प्राध्यापक होते, मास्टर्स इथे केलं, कोणी उपाशी ठेवलेलं नाही.

कमिटीत एक सत्तरीतले कृष्णवर्णीय गृहस्थ आहेत, फुटपाथ आणि कर्बची कामं करतात. मीटिंग संपल्यावर पार्किंगमध्ये अगदी सौम्यपणे म्हणाले, "माझ्या वडिलांना काँक्रीट गुळगुळीत करणाऱ्या फिनिशरच्या युनियनचं कार्ड अकरा वर्षं दिलं नाही. तुमचे वडील तेव्हा कुठे होते?" मी म्हटलं, साताऱ्यात शिकवत होते. ते हसले, मीही हसले. घरी येईपर्यंत गाडीत रेडिओ लावावासा वाटला नाही.

आणि तिसरं म्हणजे गंमत: माझी लॅब शहराच्या हद्दीपासून साडेतीन मैल बाहेर आहे. म्हणजे ठराव मंजूर झाला तर मी दोन्हीकडून गेले.

मी सुनावणीत काय बोलावं? बोलावं की बाजूला व्हावं? तुमच्या गावात हे कसं चालतं? अमेरिकेच्या राजकारणावर हाणामारी नको, त्यासाठी दुसरे धागे आहेत.

---

खडीक्रशर

ताई, प्रश्न साधा आहे. सर्वांत कमी दराची पात्र निविदा, विषय संपला. करदात्याचा पैसा आहे, वंश पण नको आणि गाव पण नको. पाच टक्के सवलत म्हणजे दहा लाखांच्या कामात पन्नास हजार कोणाच्या तरी खिशातून जाणार. ते तुमच्याच कराचे.

---

सिलिंडरवाली

खडीक्रशर, आमचं काम कमी दरावर मिळतच नाही. इंजिनियरिंग सेवा पात्रतेवर निवडतात, दर नंतर ठरतो. मोठी फर्म मुख्य सल्लागार, आम्ही तिच्या हाताखाली. आणि 'पात्रता' म्हणजे मागच्या पाच वर्षांत तुम्ही अशी किती कामं केली. ज्याला पहिलं काम मिळालं नाही त्याला दुसरं कसं मिळणार, तेवढं सांगा.

मुख्य सल्लागाराचा फोन कधी येतो हेही सांगते. प्रस्ताव द्यायच्या आदल्या दिवशी, दुपारी चारला. "तुझं सर्टिफिकेट पाठव, टक्के भरायचेत." कामाची व्याप्ती विचारली तर "ते नंतर बघू".

---

वकीलसाहेबांची_सून

मी वकील नाही, पण म्युनिसिपल खरेदी विभागात बारा वर्षं काढली आहेत. (दुसऱ्या राज्यात.) थोडी पार्श्वभूमी देते, कारण हे दोन प्रश्न कायद्याने वेगवेगळे आहेत आणि तुमचं कौन्सिल ते एकाच ठरावात कोंबतंय.

वंशाचा प्रश्न रिचमंड विरुद्ध क्रोसन या खटल्यापाशी येऊन थांबतो. रिचमंड, व्हर्जिनिया. 1983 मध्ये तिथल्या कौन्सिलने नियम केला की शहराचं बांधकाम घेणाऱ्याने किमान 30 टक्के रकमेचं काम अल्पसंख्याक फर्मना द्यायचं. शहराची निम्मी वस्ती कृष्णवर्णीय, पण आधीच्या पाच वर्षांत मुख्य बांधकाम कंत्राटांतला 0.67 टक्के हिस्साच अल्पसंख्याक फर्मकडे गेला होता. खटला मात्र कशावरून झाला? शहराच्या तुरुंगात बसवायच्या स्टीलच्या संडास-मुताऱ्यांवरून. क्रोसन ही तुमच्याच ओहायोची प्लंबिंग कंपनी. एकच निविदा आली, तीही तिचीच, आणि अल्पसंख्याक पुरवठादाराकडून माल घेतला तर साडेसात हजारांहून जास्त डॉलर वाढतात म्हणून ती अडून बसली. जानेवारी 1989 मध्ये सुप्रीम कोर्टाने 6 विरुद्ध 3 मतांनी शहराचा नियम रद्द केला.

तुमच्यासाठी महत्त्वाचं पुढे आहे. रिचमंडच्या यादीत एस्किमो आणि अल्यूटसुद्धा होते, अलास्काच्या बाजूचे लोक. न्या. ओकॉनर यांनी विचारलं, रिचमंडमध्ये अल्यूट माणसावर बांधकामात अन्याय झाल्याचा पुरावा कुठे आहे? आणि देशातल्या कुठल्याही गावची अल्पसंख्याक फर्म येऊन लाभ घेऊ शकत होती. पार्किंगमधले तुमचे गृहस्थ जे म्हणाले तेच कोर्टाने 1989 मध्ये म्हटलं होतं, वेगळ्या बाजूने.

असा पुरावा दाखवता यावा म्हणून तेव्हापासून शहरं 'डिस्पॅरिटी स्टडी', म्हणजे तफावतीचा अभ्यास, करतात. पात्र आणि इच्छुक फर्म किती आहेत, त्यांना पैसे किती मिळाले, याचं गुणोत्तर. 100 म्हणजे वाट्याइतकंच मिळालं, 80 च्या खाली आलं की तफावत मोठी धरतात. प्रत्येक गटाचं आणि प्रत्येक प्रकारच्या कामाचं वेगळं. तुमच्या शहराचा असा अभ्यास झालाय का, कधी झाला, आणि त्यात इंजिनियरिंग सेवांमध्ये आशियाई फर्मचं गुणोत्तर किती निघालं? तो तक्ता उघडल्याशिवाय तीन मिनिटं बोलू नका.

ओहायोत आणखी सावध. 1980 चा राज्याचा बांधकामातला 5 टक्के राखीव कायदा फेडरल अपील कोर्टाने 2000 साली मोडीत काढला होता.

---

दंडोबा

साताऱ्याच्या ताई, आम्ही सांगलीचे. वाचून सुबेचे दिवस आठवले. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: सुबे म्हणजे सुशिक्षित बेरोजगार अभियंता. सार्वजनिक बांधकाम आणि जिल्हा परिषदेची छोटी कामं ठरावीक मर्यादेपर्यंत तीन वाट्यांत: 33 टक्के मजूर सहकारी संस्थांना, 33 टक्के सुबेंना, 34 टक्के खुल्या कंत्राटदारांना. कामवाटप समिती बसायची, चिठ्ठ्या निघायच्या. मीही नोंदणी केली होती. पहिलं काम एका शाळेची संरक्षक भिंत.

ती भिंत मी बांधली हे खरं, पण माझ्याबरोबर नोंदणी केलेल्या कितीतरी मित्रांनी आपलं काम दुसऱ्याला 'दिलं' आणि टक्के घेऊन पुण्यात नोकरीला लागले. मजूर संस्थांचं तर विचारूच नका, मजूर सभासद कागदावर आणि ट्रॅक्टर चेअरमनच्या मेहुण्याचा. तरीपण मी या योजनेला शिव्या देणार नाही. ती भिंत नसती तर माझ्याकडे अनुभवाचा दाखला नसता, आणि दाखल्याशिवाय कोणी दारात उभं केलं नसतं.

तिकडे नाव भाड्याने देतात का हो?

---

सिलिंडरवाली

दंडोबा, देतात की! इथे त्याला 'पास-थ्रू' म्हणतात. माल एकाचा, बिल दुसऱ्याच्या लेटरहेडवर. नियम आहे की सर्टिफिकेटवाल्याने काम प्रत्यक्ष स्वतः केलं पाहिजे, आणि पकडले तर तुरुंगापर्यंत जातं. एका मोठ्या फर्मने मला विचारलं होतं, सिमेंटचं बिल तुमच्या नावाने फिरवू का, तीन टक्के तुमचे. मी नाही म्हटलं. पुन्हा त्यांचा फोन आलेला नाही. हे त्या चार ओळींत लिहावं का, असा विचार केला होता. पण ती वंचितता नव्हे, ती नुसती आपली नेहमीची कंत्राटदारी.

---

बे_एरिया_बापू

कॅलिफोर्नियात हा प्रयोग तुमच्या आधी होऊन गेलाय. 1996 मध्ये प्रॉप 209 हा प्रस्ताव मतदारांनी मंजूर केला, सरकारी कंत्राटात वंश-लिंग बघायचं नाही. 2020 मध्ये ते उठवायचा प्रस्ताव मतदारांनीच पाडला. सॅन फ्रान्सिस्कोने 209 नंतरच्या काळात स्थानिक लहान फर्मना निविदेत 10 टक्के सवलत दिली. दिसायला वंशनिरपेक्ष. पण माझा अनुभव: स्थानिकचा अर्थ हळूहळू 'ज्याला शहरात जागेचं भाडं परवडतं तो' असा होतो. पूर्वी ज्यांच्या नावाने ही प्राधान्यं सुरू झाली ते भाडं वाढल्यावर पलीकडच्या गावांत गेले. तुमच्या फुटपाथवाल्या गृहस्थांचं गोडाऊन हद्दीत आहे का, ते बघा.

---

खडीक्रशर

शहरात एक खोली घ्या ताई, पाटी लावा, टेबल ठेवा. हद्दीचा प्रश्न मिटला. 😀

---

वकीलसाहेबांची_सून

खडीक्रशर, आधी 'गाव पण नको' म्हणालात ना? असो. चांगल्या नियमात पाटी चालत नाही. वर्षभर जागा, परवाना, कर्मचाऱ्यांचा ठरावीक हिस्सा तिथेच, असं सगळं मागतात.

स्थानिक प्राधान्याचंही कायद्यात सोपं नाही. 1983 मध्ये बॉस्टनचा आदेश सुप्रीम कोर्टात टिकला: शहराच्या पैशाच्या बांधकामात निम्मे कामगार बॉस्टनचे. शहर स्वतःच गिऱ्हाईक असेल तर त्याने कोणाकडून घ्यावं हे त्याने ठरवावं, असा युक्तिवाद. पुढच्याच वर्षी न्यू जर्सीतल्या कॅमडेनचा 40 टक्के रहिवाशांचा नियम अडकला, कारण शेजारच्या राज्यातल्या कामगाराचेही हक्क असतात. आणि तुमच्या ओहायोत तर ताजं उदाहरण आहे. क्लीव्हलंडमध्ये 2003 पासून कायदा होता की मोठ्या कामांत 20 टक्के तास शहरवासीयांचे. 2016 मध्ये राज्याच्या विधिमंडळाने असे नियमच बंद केले, शहर कोर्टात गेलं आणि 2019 मध्ये राज्याच्या सुप्रीम कोर्टात 4 विरुद्ध 3 ने हरलं. तो नियम कामगारांबद्दल होता, तुमचा फर्मबद्दल, म्हणून जसाच्या तसा लागू नाही. पण शहराच्या वकिलाला हे विचाराच.

बाजूला होण्याबद्दल: तुम्ही मत देऊ शकता का हे शहराच्या कायदा विभागाला लेखी विचारा, उत्तर लेखी घ्या. तोंडी 'हरकत नाही' चालणार नाही.

---

हळदीकुंकू

मी पेशाने इतिहासाची, कंत्राटातलं कळत नाही. पण आपण त्या यादीत आलो कसे, हे सांगायचा मोह आवरत नाही. फेडरल लघुउद्योग खात्याच्या 'वंचित' गटांच्या यादीत भारतीय आधी नव्हतेच. इथल्या भारतीयांच्या एका संघटनेने अर्ज केला आणि 1982 मध्ये आपल्याला आत घेतलं. त्या वेळी आपल्यातच वाद होता, काही जण म्हणत होते की आपण सुस्थितीत आहोत, हा हक्क ज्यांच्यासाठी आहे त्यांच्या ताटातला घास आहे. म्हणजे सिलिंडरवाली, तुमची खोडलेली ओळ चाळीस वर्षांची जुनी आहे.

---

सिलिंडरवाली

सगळ्यांचे खूप आभार. चार दिवस गेले, एवढं झालं:

तक्ता सापडला. अभ्यास सात वर्षांपूर्वीचा. बांधकामात कृष्णवर्णीय फर्मचं गुणोत्तर 80 च्या फार फार खाली. इंजिनियरिंग सेवांत आशियाई फर्म 100 च्या वर. म्हणजे आम्हाला आमच्या वाट्याहून जास्त मिळतंय. हे आकडे माझ्या कमिटीच्या फाइलमध्ये पहिल्या दिवसापासून होते, मी ते पान उघडलं नव्हतं. लाज वाटली.

त्या गृहस्थांना फोन केला. गोडाऊन हद्दीत आहे, पण पुढच्या वर्षी भाडेकरार संपतोय. पाच टक्के सवलतीबद्दल विचारलं तर म्हणाले, "मला सवलत नको, मला बाँड हवा." शंभर टक्के रकमेचा बाँड (काम अर्धवट राहिलं तर भरपाईची हमी) द्यायला विमा कंपनी तयार होत नाही, म्हणून ते आयुष्यभर दुसऱ्याच्या हाताखाली राहिले. आणि बिलं. मुख्य कंत्राटदाराला शहर पैसे देतं, तो यांना नव्वद दिवसांनी. मधल्या काळात पोरांचे पगार ते घरावरच्या कर्जातून देतात.

सुनावणीत आधी सांगणार आहे की या ठरावात माझा स्वार्थ आहे, किती आहे ते आकड्यात. मग मागणार आहे की वंशाची उद्दिष्टं सरसकट काढू नका, ज्या कामात ज्या गटाची तफावत दिसते तिथे ठेवा, आणि आमच्यासारख्यांना इंजिनियरिंगमधून वगळा. बाँडसाठी शहराने हमी निधी करावा, फुटपाथचं काम एका मोठ्या टेंडरऐवजी वॉर्डनिहाय काढावं, उपकंत्राटदाराला पैसे तीस दिवसांत. स्थानिक सवलतीवर माझं मत अजून पक्कं नाही, तसंच सांगेन.

नवऱ्याने विचारलं, निम्मं काम गेलं तर? मी म्हटलं, बघू. दोन माणसं कमी करावी लागतील कदाचित, आणि त्यातला एक हद्दीतच राहतो.

डीबीईची कहाणी अजून एका ओळीवर अडली आहे.

कायदा विभागाला ईमेल टाकलं, उत्तर नाही. आणि एक विचारायचं होतं, तीन मिनिटांत इंग्रजीत साधारण किती शब्द होतात? माझी पहिली प्रत वाचायला सात मिनिटं लागली.

---

वकीलसाहेबांची_सून

चारशेच्या आत ठेवा. बाँडचं आधी घ्या, बाकीचं लेखी द्या.