आमच्या कपाटातलं जुनं सोलापूर: तुमच्याकडे कुठले फोटो आहेत?

परवा ग्रुपवर इंद्रभुवनचा जुना फोटो आला. आप्पासाहेब वारदांनी बांधलेली ती इमारत सगळ्यांच्या ओळखीची. पण बाबांनी चष्मा पुसला, मोबाईल जवळ घेतला आणि समोरच्या टांगेवाल्याचं नाव सांगितलं. तेव्हापासून चैन नाही. सिद्धेश्वराचे, भुईकोटाचे, चार हुतात्म्यांचे फोटो कुणीतरी जपेलच. मागावरची माणसं, गिरणीचं गेट, आपली गल्ली हे सगळं आपल्याच कपाटांत पडलंय, आणि त्यातले चेहरे ओळखणारे कमी होत चाललेत. असेल ते लिहा. नाव, जागा, साल, आठवेल ते.

पूर्वभाग: एकच आहे. आजोबा हातमागावर, मागे भिंतीला मार्कंडेयाची तसबीर. पाठीमागे तेलुगूत दोन ओळी. घरी आम्ही तेलुगूच बोलतो, पण वाचता कुणालाच येत नाही. कोणी वाचून देईल का?

भवानी_पेठ: टाका इथे. आई वाचते. आत्ता भाकऱ्या थापतेय, झालं की दाखवते.

गिरणीची_लेक: बाबा लक्ष्मी विष्णू गिरणीत, स्पिनिंगमध्ये. निवृत्तीचा फोटो आहे, शाल नारळ घेऊन. मागे चिमणी अर्धीच आलीय. साखर कारखान्याची चिमणी १५ जून २०२३ला पाडली त्याचे व्हिडिओ सगळ्यांच्या मोबाईलमध्ये आहेत. आमच्या गिरणीची चिमणी उभी असताना कुणी तिचा फोटो काढला होता का हो? भोंग्यावर अख्खं गाव उठायचं.

अण्णा६२: भोंगा! आई त्यावर चूल पेटवायची. घड्याळ नव्हतंच घरी.

रेल्वेलाईन्स: मोठ्या आजोबांचा फोटो, मागे फक्त '१९३०'. मे महिन्यात सोलापुरात मार्शल लॉ लागला ते साल. पुढच्या १२ जानेवारीला येरवड्यात धनशेट्टी, शिंदे, सारडा, कुर्बान हुसेन फासावर गेले. त्या मे महिन्यात आजोबा कुठे होते एवढंच विचारायचं होतं. सांगणारं कुणी उरलं नाही.

गिरणीची_लेक: 🙏

स्टुडिओवाले_काका: घाईत लिहितो. फोटोमागे बॉलपेन नको, वण पुढे उमटतो. मऊ पेन्सिल, कडेला, हलक्या हाताने. चिकट पानांच्या अल्बममधला गोंद फोटो पिवळा करतो, पण निघत नसेल तर ओढू नका, पानासकट स्कॅन करा. काचेला चिकटलेला काचेसकट. लॅमिनेशन अजिबात नको. स्कॅन ६०० डीपीआय. व्हॉट्सॲपवर डॉक्युमेंट करून पाठवा, नाहीतर चेहरे फुटतात. आणि निगेटिव्ह टाकू नका बाबांनो, काचेची असेल तर उभी ठेवा.

अण्णा६२: काका, आग्फा क्लिक थ्री कॅमेऱ्याचे रोल आहेत डब्यात. चालतील?

स्टुडिओवाले_काका: चालतील काय, घेऊन या!

मामाची_भाची: मूळ फोटो कुणालाही देऊ नका. मामांनी एका प्रदर्शनाला दिले होते, सिद्धेश्वराच्या यात्रेतले नंदीध्वज, बाराबंदी घातलेले मानकरी, सगळे. आले नाहीत परत. मामा अजून विचारतात.

रेल्वेलाईन्स: अरेरे. मामांना बोलतं करा आणि ते फोटो कसे होते ते रेकॉर्ड तरी करून ठेवा.

जुळे_सोलापूर: आमचे सगळे गड्ड्याच्या जत्रेतले. होम मैदानावर पुठ्ठ्याच्या विमानात बसून. दरवर्षी विमान तेच, भावंडं वाढलेली 😄

अण्णा६२: आणि नंतर भज्जी.

जुळे_सोलापूर: गरम तेलातली! आता भूक लागली.

भवानी_पेठ: पूर्वभाग, आईने वाचलं. वरची ओळ गावाचं नाव, सिरिसिल्ला. खाली एका बाईचं नाव आणि 'अक्का'.

पूर्वभाग: आजोबांना बहीण होती?? कधी कुणी बोललं नाही.

भवानी_पेठ: आई म्हणते, घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या बाईला विचारा.

पूर्वभाग: आत्या आहे, अक्कलकोट रोडला. लवकर झोपते, आत्ताच लावतो फोन.