मारवेल गवताचा बेवड (आधीच्या पिकाचा जमिनीवर राहणारा परिणाम) ज्वारीला कसा राहील?

प्रश्न (माण, जि. सातारा)
आमच्या दोन एकर हलक्या जमिनीत वर्षानुवर्षे बाजरी आणि रब्बी ज्वारी हीच पिके घेतली जात असून, माती परीक्षणात सेंद्रिय कर्ब (कुजलेल्या काडीकचऱ्यातून मातीत राहणारा कार्बन) ०.३ टक्के, म्हणजे कमीच आला आहे. तीन वर्षे मारवेल हे चाऱ्याचे गवत ठेवून नंतर पुन्हा ज्वारी घ्यावी, असा विचार आहे. मात्र गवत जमीन खाते, असे गावातील जाणती मंडळी सांगतात. यात कितपत तथ्य आहे?

उत्तर १
मारवेल बहुवर्षायू असल्याने तेवढी वर्षे रानात नांगर-कुळव फिरत नाही, हाच पहिला लाभ. त्याची तंतुमय मुळे सतत मरतात व नवी फुटतात. त्यांवर जगणारे जिवाणू आणि बुरशी यांच्या चिकट द्रव्याने मातीचे बारीक कण बांधले जाऊन ती रवाळ होते. गवताळ बांधावरचे एक ढेकूळ आणि नांगरटीच्या रानातले एक ढेकूळ वाळवून पाण्याच्या पेल्यात सोडून पाहा: पहिले बराच वेळ टिकते, दुसरे लगेच फुटून तळाशी गाळ बसतो. जोराच्या पावसात शेतातही हेच घडते, वर खपली धरते आणि पाणी मुरण्याऐवजी वाहून जाते.

उत्तर २
जाणत्यांचे म्हणणे मी सर्वस्वी खोटे मानणार नाही. चारा कापून नेला की त्याबरोबर नत्र आणि पालाश बरेच जाते, म्हणून त्या जनावरांचे शेणखत त्याच रानात परतले पाहिजे. शिवाय गवताची मुळे व धसकटे यांत नत्राच्या मानाने कर्ब फार असतो. ती कुजवताना जिवाणू मातीतलेच नत्र ओढून घेतात आणि लगेच पेरलेली ज्वारी पिवळी पडते. यासाठी उन्हाळ्यात नांगरून ठोंब उन्हात वाळू द्यावेत, खरिपात मूग किंवा मटकी घ्यावी आणि त्यानंतर रब्बी ज्वारी पेरावी. मारवेलमध्ये स्टायलो हे द्विदल चारापीक मिसळल्यास नत्राची काही भर पडते.

प्रश्नकर्ता
आभारी आहे. तीन वर्षांत मिळवलेला कर्ब पुढे किती टिकेल?

उत्तर २
इंग्लंडमध्ये रॉथमस्टेड या शेती संशोधन केंद्रात १९४९ पासून गवत आणि नांगरटीची पिके यांची तुलना चालू आहे; गवताखाली सेंद्रिय द्रव्य सावकाश वाढते आणि नांगरट सुरू होताच घटू लागते, असे तेथे दिसते. आपल्या उष्ण हवेत ही घट अधिक वेगाने होते, म्हणून दोन एकर एकदम न गुंतवता अर्धा एकर आळीपाळीने गवताखाली ठेवावा आणि ज्वारीच्या वर्षांत उथळ मशागतीवरच भागवावे.