कॉलनीतला रस्ता निवांत फिरण्यासारखा व्हावा म्हणून नेमकं काय मागावं? (जळगाव)

केळीबाग: मंडळी, आमच्या कॉलनीचा १२ मीटरचा उत्तर-दक्षिण रस्ता नव्याने होतोय. संध्याकाळी फिरणारे आणि जेवणानंतर शतपावली करणारे सगळे डांबरावरूनच चालतात, कारण गटारीवरचे ढापे वरखाली झालेत आणि त्यांवर गाड्या उभ्या असतात. मनपाला निवेदन द्यायचंय. त्यात कोणती मापं घालावीत?

गिरणाकाठ: मापं घालाच, नाहीतर गटारीवर ढापे टाकून त्यालाच फूटपाथ म्हणतील. आयआरसी-१०३ (इंडियन रोड्स काँग्रेसची पादचारी सोयींसाठीची मार्गदर्शक तत्त्वं) प्रमाणे निवासी भागात चालायची जागा किमान १.८ मीटर रुंद आणि २.२ मीटर उंचीपर्यंत मोकळी हवी. डीपी (विजेच्या पेट्या), खांब, पाट्या, झाडं यांच्यासाठी रस्त्याच्या कडेने वेगळा १ मीटरचा पट्टा मागा. दोन्ही बाजूंचे मिळून ५.६ मीटर गेले तरी गाड्यांना ६.४ उरतात. कॉलनीला ते भरपूर झाले, वेगही आटोक्यात राहतो.

फूटपाथची रस्त्यापासूनची उंची १५० मिमीच्या वर नको. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे घरांची फाटकं. प्रत्येक फाटकापाशी फूटपाथ खाली उतरवला, की वयस्कर माणसं दोनदा चढउतार करतात आणि मग रस्त्यावरूनच चालू लागतात. फाटकासमोर पातळी तीच ठेवून गाडीसाठीचा उतार फक्त त्या १ मीटरच्या पट्ट्यात काढावा.

मुरूम_खडी: गिरणाकाठ भाऊंनी मापं दिली, मी खालचं सांगतो. आपल्याकडची काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. तिच्यावर थेट वाळू पसरून पेव्हर ब्लॉक लावले, तर एका पावसाळ्यात लाटा येतात. दोष ब्लॉकचा नसतो. निदान ३०० मिमी काळी माती काढून मुरूम भरावा, तोही १५० मिमीच्या थरांत, पाणी मारून, रोलर फिरवून. त्यावर खडीचा थर, मग ३० मिमीच्या आसपास कच (खडीचा चुरा). चालण्यापुरते ६० मिमीचे ब्लॉक पुरतात, फाटकासमोर ८० मिमीचे घ्या. कडेला काँक्रीटमध्ये बसवलेले कर्ब (काठाचे दगड) नसतील तर ब्लॉक बाहेर सरकतात, सांधे उघडतात, पाणी शिरतं आणि कच वाहून जाते. आडवा उतार ५० ला १. गच्चीचे पाइप फूटपाथवर सोडू देऊ नका, ते थेट गटारीत न्या. कच वाहून जायचं ते आणखी एक कारण.

ढाप्यांना उचलायच्या कड्या हव्यात. नाहीतर सफाईला पहारीने उचकटतात, कडा फुटतात, आणि पुढे ढापा कधी सपाट बसत नाही.

निंबछाया: मे महिन्यात आपल्याकडे दुपारी सूर्य जवळजवळ डोक्यावर असतो, तेव्हा भिंतीची सावली मिळत नाही, झाडाचीच मिळते. ७-८ मीटरवर एक निंब किंवा करंज लावा. आळं १.२ मीटर लांब-रुंद हवं, पट्टा १ मीटरचा असेल तर आळं लांबट करा. बुंध्यापर्यंत काँक्रीट ओतलं की मुळं वर येऊन ब्लॉक उचलतात. गुलमोहोर फूटपाथला नको, वादळात फांद्या मोडतात.

दिवे विसरू नका. उन्हाळ्यात खरी वर्दळ रात्री असते. उंच खांबांचा उजेड झाडांच्या डोक्यावर अडतो आणि खाली अंधारच राहतो. ४-५ मीटरचे खांब दोन झाडांच्या मधे घ्या.

केळीबाग: फार मोलाचं सांगितलंत. खुंटे लावले तर मोटारसायकली चढणार नाहीत ना? आणि पैसे एकाच बाजूपुरते निघाले तर?

गिरणाकाठ: चाकाची खुर्ची जाईल एवढी फट ठेवली की मोटारसायकलही जाते. खुंटे चारचाकी अडवतात, एवढाच उपयोग. दुचाकींना १ मीटरच्या पट्ट्यालगत रस्त्यावर रंगाने आखून जागा द्या, तेव्हा कुठे फूटपाथ मोकळा राहतो.

एकच बाजू मिळत असेल तर पश्चिमेची. संध्याकाळी पाचनंतर त्या बाजूच्या दुमजली घरांची सावली तिथे पूर्ण पडते. फक्त विजेच्या तारा कोणत्या बाजूने आहेत ते आधी बघा. पश्चिमेलाच असतील तर त्या बाजूला निंबाऐवजी कमी उंचीची झाडं लावावी लागतील, नाहीतर दरवर्षी पावसाळ्याआधी छाटणीत शेंडे जातात आणि सावली कधी धरतच नाही.