उघड्या बोटीवर अख्खा दिवस मासेमारी: लघवी, शौच आणि हात धुण्याचं काय करायचं?

गळ टाकून

पुढच्या महिन्यात एका मोठ्या तलावावर दिवसभराची मासेमारी ठरली आहे. बोट १६ फुटी, उघडी, सपाट तळाची, मागे आउटबोर्ड इंजिन. केबिन नाही, आडोसा नाही. तीन पुरुष आणि एक बाई, सकाळी सहा ते संध्याकाळी पाच. काठ बहुतेक दलदलीचा, त्यामुळे हवं तेव्हा उतरता येईल याची खात्री नाही. तलावाचं पाणी पुढे पिण्यासाठी जातं.

तीन गोष्टी विचारायच्या आहेत. लघवी सरळ पाण्यात केली तर खरंच काही बिघडतं का? शौचाला लागलंच तर काय? आणि त्याच बोटीत मासे, बर्फ, जेवण असणार, तर हातांचं काय? "सकाळी पाणी कमी प्या" याच्या पुढचं उत्तर हवं आहे.

---

जुना नावाडी

ते "पाणी कमी प्या" आधी डोक्यातून काढा. वरून ऊन, खालून पाण्यावरून परतणारं ऊन आणि वारा, त्यामुळे घाम किती जातोय ते कळतच नाही. लघवी गडद पिवळी झाली, डोकं दुखायला लागलं की समजायचं उशीर झालाय. तासनतास धरून ठेवणंही बरं नव्हे, मूत्रमार्गाच्या संसर्गाचा धोका त्याने वाढतो. पाणी भरपूर प्या आणि सोय नीट करा.

लघवीसाठी रुंद तोंडाची, घट्ट फिरकीच्या झाकणाची १ लिटरची बाटली माणशी एक. साधी पाण्याची किंवा कोल्ड्रिंकची बाटली चालत नाही. तिचं तोंड जेमतेम २८ मिलिमीटर असतं, हलत्या बोटीत निम्मं बाहेर जातं. ५-६ सेंटिमीटर तोंड असलं की नेम चुकत नाही. अर्ध्या लिटरची घेऊ नका. एका वेळेला ३०० ते ५०० मिली सहज होते, आणि भरत आलेल्या बाटलीवर मधेच थांबणं कुणालाच जमत नाही. प्यायच्या बाटल्यांहून वेगळा रंग घ्या आणि गळ्याशी जाड रबरबँड चढवा, म्हणजे पहाटेच्या अंधारात हाताला कळतं कोणती कुठली. हे ऐकायला विनोदी वाटतं. पहिल्यांदा गफलत होईपर्यंतच.

काठावर उभं राहून करायची सवय असेल तर ती या बोटीत सोडा. कारण स्वच्छतेचं नाही, जिवाचं आहे. उभं राहिलं की शरीराचा भार वर जातो, एक हात कामात, पाय काठाला टेकलेले, लक्ष खाली, आणि नेमकी तेव्हाच शेजारून गेलेल्या बोटीची लाट येते. त्यात उभ्याने लघवी करताना काहींचा रक्तदाब एकदम उतरतो आणि घेरी येते. बराच वेळ बसून झटकन उठलं, ऊन लागलेलं असलं, पोटात बिअर असली तर जास्तच. असा माणूस शुद्ध हरपून पाण्यात पडतो, त्याला पोहता येत असून उपयोग होत नाही. म्हणून:

- इंजिन बंद किंवा न्यूट्रल. "मी जरा लघवीला बसतोय" एवढं एकाला तरी सांगायचं.
- लाइफ जॅकेट अंगावरच, बक्कल लावलेलं.
- बोटीच्या मध्यावर गुडघे टेकून किंवा फळीवर बसून. एक हात कायम बोटीला.
- तेवढा वेळ बाकीच्यांनी जागा बदलायची नाही. १६ फुटी बोटीत दोघं एका बाजूला आले की ती कलतेच.

शौचासाठी झाकणाची १५ ते २० लिटरची बादली. त्यात दोन पिशव्या एकात एक, कडेवरून बाहेर दुमडून. बादलीच्या काठावर बसणारं प्लास्टिकचं आसन मिळतं, ते घ्या. नुसत्या काठावर बसलं की मांडीला रग लागते आणि तोल जातो. आतल्या पिशवीच्या तळाशी लाकडाचा भुसा किंवा मांजराच्या शौचपात्रातली रेती दोन मुठी, वापरानंतर वरून आणखी एक मूठ. सोबत लघवीही होणारच, म्हणून डायपरमध्ये असते ती पाणी शोषणारी पावडर टाकली तर उत्तम. अर्ध्या लिटरला १५-२० ग्रॅम. साध्या पाण्यावर ती फार कमी लागते, पण लघवीतल्या क्षारांमुळे तिची शोषणाची ताकद बरीच घटते, त्यामुळे हात आखडता घेऊ नका. आतली पिशवी हवा काढून पिळून गाठ मारायची, मग बाहेरची, मग झाकण. बादली सावलीत आणि दोरीने बांधलेली. ही बांधायची राहते आणि मग वळण घेताना ती पायात येते.

---

शेवाळं

पाण्याचं थोडं सविस्तर लिहितो, कारण लघवी आणि शौच एकाच मापाने मोजले जातात आणि तिथेच घोळ होतो.

माणसाच्या दिवसभराच्या लघवीत साधारण १० ते १२ ग्रॅम नायट्रोजन आणि १ ग्रॅमच्या आसपास फॉस्फरस असतो. निरोगी माणसाच्या लघवीत रोगजंतू जवळजवळ नसतात. प्रश्न असतो तो खताचा. गोड्या पाण्यात शेवाळाची वाढ बहुतेक वेळा फॉस्फरसच्या टंचाईमुळे अडलेली असते आणि आपण नेमकं तेच पुरवतो. मोठ्या तलावात चार जणांनी एक दिवस केलं तर कुठल्याही यंत्रावर फरक दिसणार नाही, हे खरं. पण मासे मिळतात ती जागा कुठली? उथळ, संथ, वनस्पतींनी भरलेली खाडी. तिथे रोज पंधरा बोटी तासनतास उभ्या असतात आणि पाणी हलत नाही. शिवाय पिण्याच्या पाण्याचा तलाव असेल तर तिथे बहुधा लघवीलाही नियमाने मनाई असते, त्यामुळे चर्चाच संपली. बाटली. खुल्या समुद्रात, बंदर आणि शिंपल्यांच्या शेतीपासून दूर, लघवीबद्दल मी कुणाशी भांडणार नाही.

शौचाचं गणित मात्र वेगळं आहे. १ ग्रॅम विष्ठेत ई. कोलाय जिवाणू कमीत कमी धरले तरी १ कोटीच्या घरात असतात. पोहण्याच्या गोड्या पाण्यासाठी अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेची मर्यादा आहे १०० मिलीत सरासरी १२६. आता १०० ग्रॅम विष्ठा धरा: १०० कोटी जिवाणू. ते त्या मर्यादेपर्यंत विरळ करायला सुमारे ८ लाख लिटर पाणी लागतं. म्हणजे ४० मीटर लांब, २० मीटर रुंद आणि १ मीटर खोल एवढं, तेही पूर्ण ढवळलं गेलं तर. प्रत्यक्षात ते ढवळलं जात नाही. तरंगतं, वाऱ्याने काठाला लागतं. नोरोव्हायरस (उलट्या-जुलाबांचा विषाणू) आणि कावीळ अ (हिपॅटायटिस ए) यांचे विषाणू तर जिवाणूंहून जास्त काळ टिकतात, आणि कालवं-शिंपले पाणी गाळून खातात म्हणून ते त्यांच्यात साठतात.

मोठ्या जहाजांसाठीचा मारपोल हा आंतरराष्ट्रीय करार आहे, त्याचं चौथं परिशिष्ट मैल्याबद्दल. प्रक्रिया न केलेला मैला किनाऱ्यापासून १२ सागरी मैलांच्या पलीकडे, जहाज किमान ४ नॉट (ताशी ४ सागरी मैल) वेगाने चालत असताना आणि बेताबेतानेच सोडायचा. दळून निर्जंतुक केलेला असेल तर ३ मैलांच्या पलीकडे. १२ सागरी मैल म्हणजे २२ किलोमीटर. हा नियम छोट्या होडीला लागत नाही, तिला स्थानिक कायदा. पण जहाजाला एवढं लांब जायला लावतात त्यावरून तलावात बादली ओतण्याची किंमत कळावी.

काठावर उतरता आलंच तर पाण्यापासून किमान ६० मीटर आत, १५ ते २० सेंटिमीटर खोल खड्डा, नंतर मातीने बुजवायचा. दलदलीत हे करू नका. तिथे खड्ड्यात खालून पाणी येतं, म्हणजे थेट तलावातच गेलं. आणि "जैवविघटनशील" लिहिलेला साबणसुद्धा पाण्यात धुवायचा नाही. त्याचं विघटन मातीत होतं, तेव्हा साबणाचं पाणीही त्या ६० मीटरच्या पलीकडेच.

---

लाटेवरची

बाईची सोय या विषयावर वर एकही ओळ नाही, म्हणून लिहिते.

पहिलं म्हणजे, काय सोय आहे ते तिला निघायच्या आधी स्वतःहून सांगा. ती विचारेल याची वाट पाहू नका. न विचारता दिवसभर पाणी न पिणं हाच बहुतेकींचा मार्ग असतो, आणि जुन्या नावाड्यांनी वर सांगितलेला त्रास त्यातूनच होतो.

मऊ सिलिकॉनचं नसराळं मिळतं, ते रुंद तोंडाच्या बाटलीत सोडून गुडघ्यांवर वापरता येतं. मात्र पहिला प्रयोग बोटीवर नको. घरी न्हाणीघरात दोन-चार वेळा करून बघावा. चुकतं ते दोन ठिकाणी: नसराळं पुढून घट्ट धरलं पण मागची कड सैल राहिली तर मागून गळतं, आणि धार जोरात सोडली तर तुंबून वरून येतं. मागची कड आधी टेकवायची, धार हळू, नळी खालच्या दिशेला उतरती. संपल्यावर तसंच अंगाला लावून पुढे ओढत काढलं की शेवटचे थेंबही त्यातच येतात. जमत नसेल तर बादली आहेच, त्यात कमीपणा काही नाही.

आडोशासाठी उभा राहणारा छोटा तंबू लोक सुचवतात. १६ फुटी बोटीत तो शिडासारखा वारा धरतो, नको. गुडघ्यापर्यंत येणारा सैल पाँचो किंवा कमरेला इलॅस्टिक लावलेला मोठा घेर पुरतो. बादली मध्यावर, बाकी तिघांनी पुढे तोंड करून गळाकडे बघायचं आणि "झालं" म्हणेपर्यंत वळायचं नाही. कपडे दोन तुकड्यांत हवेत. एकसंध वेडर (छातीपर्यंतची पाणी न शिरणारी विजार) किंवा जंपसूट घातला की लाइफ जॅकेट काढावं लागतं, आणि ते काढायचं नाही असं वर ठरलंच आहे.

पॅड, टॅम्पॉन, ओले वाइप्स यांतलं काहीही पाण्यात नाही. "फ्लश करता येतात" लिहिलेले वाइप्ससुद्धा विरघळत नाहीत. अपारदर्शक झिपची पिशवी, आत चमचाभर खाण्याचा सोडा, वास राहत नाही. पिशवी तिच्या स्वतःच्या सामानात असू द्या, सगळ्यांच्या कचऱ्यात टाकायला लावू नका.

---

बर्फपेटी

हातांबद्दल. सॅनिटायझर एकटा पुरत नाही. माशाचा चिकट स्राव, आमिषाचं तेल, उन्हाचं क्रीम यांच्या थरावर अल्कोहोल नीट पोचत नाही, आणि नोरोव्हायरसवर त्याचा भरवसा नाहीच. साबण आणि २० सेकंद चोळणं. तोटी असलेला ५ लिटरचा कॅन फळीवर आडवा बांधा, खाली टब. एका वेळेला पाव ते अर्धा लिटर लागतं, तर चौघांना दिवसाला ५ लिटर थोडे कमीच, दोन कॅन घ्या. टबातलं पाणी रिकाम्या कॅनमध्ये परत.

खाण्यापिण्याचा बर्फ आणि माशांचा बर्फ दोन पेट्यांत. एकाच पेटीत "पिशवीत बांधून" ठेवलेलं जेवण दुपारपर्यंत माशाच्या पाण्यात बुडलेलं असतं.

आणखी एक, जे सहसा कुणाच्या लक्षात येत नाही: मासे जिवंत ठेवायच्या टाकीचा पंप पाणी कुठून ओढतो ते बघा. बहुतेक बोटींत ते तोंड मागच्या फळीखाली, पाण्याच्या पातळीच्या जरा खाली असतं. लोक बाटली रिकामी करतात किंवा बादली विसळतात तीही मागेच. पंप चालू असेल तर तेच पाणी दहा सेकंदांत माशांवर, आणि डेक धुवायचा पाइप त्याच पंपावर असेल तर पायाखाली.

मासे साफ करायचे ते काठावर आल्यावर. आतडी बोटीच्या धक्क्याजवळ टाकली तर बंदिस्त पाण्यात कुजून तिथला प्राणवायू खातात.

---

गळ टाकून

सगळ्यांचे आभार, बरंच स्पष्ट झालं. दोन शंका. एक मित्र पोर्टेबल टॉयलेट आणतो म्हणतोय, ते बादलीपेक्षा बरं का? आणि ती बांधलेली पिशवी शेवटी टाकायची कुठे?

---

जुना नावाडी

एका दिवसाला, या बोटीत, बादलीच. पोर्टेबल टॉयलेटमध्ये वर फ्लशचं पाणी, खाली मैल्याची टाकी, मध्ये सरकती झडप. खालची टाकी २० लिटरची असेल तर भरल्यावर २० किलोच्या वर जाते आणि तळाला पट्ट्यांनी बांधली नसेल तर घसरते. दोन-तीन दिवसांच्या मुक्कामाला किंवा केबिनच्या बोटीला असं टॉयलेट चांगलं. आणायचंच असेल तर वरची टाकी निम्मीच भरा आणि पटकन विरघळणारा कागद वापरा. झडपेच्या रबराला सिलिकॉनचं वंगण लावा, पेट्रोलियम जेली नको, तिने काही रबरं फुगतात. उन्हात आत वायूचा दाब साठतो, म्हणून झाकण बंद ठेवूनच झडप आधी किंचित उघडायची. उघड्या झाकणाने ओढली तर उडालेलं तोंडावर येतं. ओतताना हवेचं बटण दाबून धरायचं, नाहीतर गचके देत बाहेर येतं आणि बूट भरतात.

त्यातलं आणि बाटल्यांतलं सगळं घरच्या शौचालयात ओतता येतं. फक्त टाकीत घातलेलं रसायन फॉर्मल्डिहाइडचं असेल तर सेप्टिक टँकमध्ये नको, तिथले जिवाणू मरतात. पिशवी मात्र शौचालयात नाही. डायपरचा कचरा जिथे घेतात तिथे ती दुहेरी बांधून जाते, पण ज्या तलावावर चाललाय तिथल्या कचराकुंडीत टाकायची परवानगी आहे का ते आधी विचारा. नसेल तर झाकणबंद बादलीतून घरी आणायची.

---

शेवाळं

एक भर. बादली किंवा बाटली धुताना लघवीचा अंश असताना ब्लीच ओतू नका, क्लोरामाइनचा वायू सुटतो, डोळे आणि घसा जळतो. आधी साध्या पाण्याने दोनदा विसळा, ते पाणी शौचालयात, मग साबण, आणि ब्लीच सगळ्यात शेवटी, तेही उघड्यावर. बाटलीत खडूसारखा पिवळट थर धरला असेल तर ब्लीच त्याला काही करत नाही. तो क्षारांचा असतो, पांढरं व्हिनेगर रात्रभर भरून ठेवलं की सुटतो. व्हिनेगर आणि ब्लीच मात्र एकत्र कधीच नाही.