पोरीसाठी पहिलं १० मीटर पिस्तूल: जुनं फुल साइज मॅच की नवीन स्वस्तातलं?

आई_शूटरची:
नमस्कार मंडळी. लेक चौदाची आहे, कोल्हापुरात दोन वर्षं क्लबच्या पिस्तुलावर १० मीटर एअर पिस्तूल खेळतेय, ६० शॉट्सला ६०० पैकी ५३०-५३८ च्या आसपास येते. क्लबचं पिस्तूल चार पोरांत एक, ग्रिप थोराड पंजाची, ती बिचारी त्यात हात रुतवून रुतवून नेम धरते, म्हणून आता स्वतःचं घेऊन द्यायचं ठरवलंय. भिशी आणि मोडलेली एफडी मिळून सव्वा लाख आहेत, त्याच्या वर जमणार नाही. कोरं फुल साइज मॅच, म्हणजे स्पर्धेचं, पिस्तूल एवढ्यात बसत नाही हे चौकशी करून कळलं. मग उरतं काय, तर जुनं मोरिनी १६२ ईआय, जुनं स्टायर एलपी१०, नाहीतर नवीन पण खालच्या रेंजमधलं, म्हणजे हॅमर्ली एपी२० किंवा स्टायर एलपी२. माझं मन जुन्या फुल साइजकडे ओढतंय. स्वस्तातलं घेतलं आणि दोन वर्षांत पोरगी ५६० ला पोचली तर परत वरचं घ्यावं लागणार, दुसऱ्यांदा एवढे पैसे आणू कुठून? पण ह्यांचं म्हणणं, वॉरंटीशिवाय लाखाची वस्तू घ्यायची नाही म्हणजे नाही. तुम्ही काय केलं असतं?

वरळी_लेन_सात:
ताई, तुमच्या मिस्टरांचं बरोबर आहे. आम्ही हाच हिशोब करून मुलाला जुनं घेतलं होतं. विकणाऱ्याने पुसून चकाचक करून दिलं, आम्ही पण ट्रिगर बघितला, ग्रिप बघितली, खूश होऊन घरी आलो, आणि राज्य स्पर्धेला इक्विपमेंट कंट्रोलच्या, म्हणजे सामान तपासणीच्या टेबलावर सिलिंडरवरची तारीख बघून त्यांनी पिस्तूल बाजूला काढलं. हवेच्या सिलिंडरची मुदत जास्तीत जास्त १० वर्षं, ती उलटलेली. पोरगा तिथेच रडकुंडीला आला. त्याच मेकचा जास्तीचा सिलिंडर एका मुलीकडे होता, तिने दिला म्हणून तो खेळला तरी, पण सायटर्समध्येच, म्हणजे आधीच्या सरावाच्या शॉट्समध्येच, डोकं हललेलं होतं. नंतर दोन सिलिंडर मागवायला गेलेले पैसे धरले तर नवीन आणि जुन्यातला फरक जेमतेम उरला. एपी२० वजनाला ९०० ग्रॅमच्या आत आहे, चौदाच्या मुलीच्या मनगटाला ते सोसेल, बिल मिळेल, सिलिंडर कोरा असेल. पहिलं पिस्तूल शिकायला असतं, मिरवायला नाही.

दुधाळीकर:
वरळीवाले दादा, तुमच्याबाबतीत वाईट झालं, पण ती चूक तारीख न बघण्याची होती, त्याचा दोष जुन्या पिस्तुलाला कशाला? सिलिंडरवर तारीख ठोकलेली असते, वाचायला अर्धा मिनिट लागतो. मी वीस वर्षं या खेळात आहे, माझं मत एकदम उलटं आहे.

ताई, आधी हे समजून घ्या की लाख-दीड लाख आपण कशाचे देतो. नेमकेपणाचे नाही. दहाचं वर्तुळ ११.५ मिलिमीटरचं आहे आणि व्हाइसमध्ये (लोखंडी शिकंज्यात) आवळून मारलं तर तुम्ही नाव घेतलेली चारही पिस्तुलं एकाच भोकात छर्रे घालतील. चूक होते ती हातात, आणि ती सायटमध्ये, म्हणजे नेम धरायच्या पुढच्या पात्यात आणि मागच्या खाचेत, दिसते. मागच्या सायटपासून पुढच्या सायटचं अंतर ३५० मिलिमीटर धरा. पुढची सायट मागच्या खाचेत एक, फक्त एक मिलिमीटर सरकली तर १० मीटरवर छर्रा साधारण २८-२९ मिलिमीटर बाजूला जातो, म्हणजे दहाचा थेट सात. हेच अंतर कमी असलेल्या छोट्या पिस्तुलात तेवढ्याच चुकीला छर्रा आणखी लांब जाणार, आणि पोरीला ती चूक दिसणार पण कमी. म्हणून फुल साइज. शिवाय ट्रिगर. नियमाने ५०० ग्रॅमच्या खाली नेता येत नाही, पण चांगल्या ट्रिगरचा पहिला टप्पा कुठे संपला आणि भिंत, म्हणजे शॉट सुटण्याआधीचा अडसर, कुठे लागली हे बोटाला स्वच्छ कळतं. स्वस्तातल्यात तसं कळत नाही असं नाही, पण दोन वर्षांनी बोट तयार झालं की फरक खटकायला लागतो. ताई म्हणतात ते दुसऱ्यांदा पैसे काढायचं भय खरं आहे, मी चार घरांत बघितलंय.

मिरजेचा_नेमबाज:
दुधाळीकर काका, सायटच्या गणिताला तोड नाही, पण तुम्ही मोरिनी आणि स्टायर एकाच पारड्यात टाकलेत, तिथं माझी हरकत आहे. १६२ ईआय म्हणजे इलेक्ट्रॉनिक ट्रिगर, बॅटरी आणि सर्किट आलं. जुन्या पिस्तुलातलं सर्किट गेलं तर सांगली-कोल्हापुरात उघडून बघणारं कोण आहे? एलपी१० चा ट्रिगर मेकॅनिकल, वर आत ॲबसॉर्बर (झटका शोषणारा भाग), मारल्यावर पुढची सायट जवळजवळ जागेवरच राहते. टोकियोत मनू भाकरचं काय झालं आठवा. २०२१, १० मीटरची क्वालिफिकेशन, मधेच पिस्तूल बंद, दुरुस्त करून परत येईपर्यंत वेळ निघून गेला, आणि तरी ५७५ मारून ती १२ वी आली, दोन पॉइंटने फायनल हुकली. इतक्या मोठ्या खेळाडूवर ही वेळ येते तर आपली पोरं कुठं.

दुधाळीकर:
अरे बाबा, ते उदाहरण तुझ्या विरोधात जातं. त्या वेळी कॉकिंग लिव्हर (पिस्तूल चढवायचा दांडा) तुटल्याचं बातम्यांत आलं होतं. लिव्हर मेकॅनिकल पिस्तुलाला पण असतो. आणि तीच मुलगी २०२४ ला पॅरिसमध्ये दोन ब्राँझ घेऊन आली. आणि इलेक्ट्रॉनिकचीच भीती असेल तर मोरिनीचंच १६२ एमआय मेकॅनिकल आहे, ते शोधा. ॲबसॉर्बरबद्दल पण माझं जरा वेगळं मत आहे. सायट थोडी उडाली तर उडू दे, ती कुठे उडाली त्यावरून शॉट कसा सुटला हे पोरं ओळखायला शिकतात.

मिरजेचा_नेमबाज:
लिव्हरचं मान्य, माझं उदाहरण चुकलं. बॅटरी-सर्किटचं मात्र मी सोडणार नाही. आणि सायट उडण्यावरून शिकायला ५३५ वाल्या मुलीचा फॉलो-थ्रू (शॉट सुटल्यावरही नेम धरून ठेवणं) आधी पक्का हवा, तोपर्यंत ॲबसॉर्बर मदतच करतो.

नांदेडहून:
मी सगळ्यांच्याच विरोधात बोलतो. आत्ता पिस्तूल घेऊच नका. ५३० ला पिस्तूल अडत नाही, सराव अडतो. पॅरिसला तुर्कस्तानचा युसुफ डिकेच साधा चष्मा घालून, खिशात हात घालून उभा राहिला आणि मिश्र सांघिकमध्ये रौप्य घेऊन गेला. आपल्याकडे आधी सामान, मग खेळ. या सव्वा लाखात दोन वर्षांचे छर्रे, रेंजची फी आणि स्पर्धांचा प्रवास निघेल.

वरळी_लेन_सात:
डिकेचचा चष्मा साधा होता, हातातलं पिस्तूल साधं नव्हतं, पूर्ण मॅच पिस्तूल होतं. आणि तो पन्नाशीचा, कित्येक वर्षं खेळलेला माणूस. खिशात हात तर बरेच पिस्तूल शूटर घालतात, मोकळा हात स्थिर राहावा म्हणून. चौदाच्या पोरीला दुसऱ्याच्या पंजाची ग्रिप देऊन सराव कर म्हणणं म्हणजे दोन नंबर मोठे बूट घालून पळायला लावणं आहे.

पण छर्‍यांचा मुद्दा शंभर टक्के खरा. रोज १०० मारले तर ५०० चा डबा पाच दिवसांत संपतो, महिन्याला सहा डबे. सगळी भिशी पिस्तुलात घातली आणि छर्रे मोजून मोजून दिले तर काय उपयोग? मी यासाठीच स्वस्तातलं म्हणत होतो.

नांदेडहून:
ग्रिपचं पटलं. तिची तक्रार ग्रिपची आहे, मग क्लबच्या पिस्तुलाला तिच्या मापाची वेगळी ग्रिप घ्या ना, दोन स्क्रूवर बदलते. हे कुणीच कसं सुचवलं नाही?

आई_शूटरची:
दादा, ते आम्ही विचारलं होतं. चार पोरांत दिवसातून तीन वेळा ग्रिप काढ-घाल केली की सेटिंग हलतं म्हणून सरांनी नाही म्हटलं, आणि त्यांचंही चूक नाही. शिवाय घरी ड्राय फायर, म्हणजे छर्रा न घालता सराव, करायला तिच्याकडे काहीच नाही, ती हातात पाण्याची बाटली धरून भिंतीवरच्या ठिपक्यावर उभी राहते, ते बघून माझ्याने राहवत नाही.

मिरजेचा_नेमबाज:
ताई, हे वाचून सांगतो, पिस्तूल घ्याच. घरचा ड्राय फायर निम्मा खेळ आहे. लायसन्सची काळजी करू नका, ४.५ मिलिमीटरचं आणि २० ज्यूलच्या आतलं एअर पिस्तूल विनालायसन्स चालतं, मॅच पिस्तुलं त्याच्या कितीतरी खाली असतात. पण जुनं घेतलं तरी बिलाची प्रत आणि विकणाऱ्याचं सहीचं पत्र घ्या, प्रवासात विचारतात.

दुधाळीकर:
आणि कुठलंही घ्या, पोरीला सोबत नेल्याशिवाय घेऊ नका. तिला पिस्तूल हातात देऊन डोळे मिटून हात उचलायला सांगा, नेहमीच्या उंचीला आला की डोळे उघडायचे. पुढची सायट मागच्या खाचेत मधोमध दिसली तर ग्रिप तिची. डावी-उजवीकडे दिसली तर ग्रिप बदलायला किंवा भरून घासायला लागणार, तो खर्च किमतीत धरा. असं पाच वेळा करून बघा, एकदा नाही.

आई_शूटरची:
काल रविवारी दोन्ही पिस्तुलं बघून आलो. मोरिनी देखणं होतं, पण सिलिंडर एक, तो पण पुढच्या वर्षी संपणारा, आणि ग्रिप मीडियम. एलपी१० चे दोन सिलिंडर, एकाला पाच वर्षं, दुसऱ्याला तीन, ग्रिप स्मॉल. डोळे मिटून पाच वेळा उचलायला लावलं. मोरिनीला पाचही वेळा पुढची सायट उजवीकडे. एलपी१० ला चार वेळा मधोमध, एकदा जराशी खाली. वजन दोन्हींचं किलोच्या आसपास, एलपी१० धरून ती आरामात उभी राहिली, मोरिनीला दंड थरथरला, सर म्हणाले तो पण ग्रिपचाच परिणाम. विकणाऱ्याने ५०० ग्रॅमचं वजन ट्रिगरला टांगून दाखवलं, उचललं गेलं. एक लाख पाचला ठरलं. उरलेल्या वीस हजारांतून छर्रे, वरळीवाल्या दादांचं ऐकून. ह्यांनी सिलिंडरवरच्या तारखा स्वतः वाचल्या, वहीत लिहून घेतल्या, मगच पैसे दिले.

वरळी_लेन_सात:
मी असतो तर नवीनच घेतलं असतं, अजूनही मत तेच आहे. पण तारखा वाचून घेतलंत हे फार बरं झालं. तीन वर्षंवाला सिलिंडर सरावाला वापरा, पाचवाला स्पर्धेला ठेवा.