पिशवी काढून पाच महिने झाले, अजून दुखतंय. "धीर धरा" हे उत्तर चालतं का?

अनघा_४६: फायब्रॉइडमुळे (गर्भाशयातल्या गाठी) गर्भाशय काढलं, पोटावर आडवा छेद. दीड महिन्यात ओट्याशी उभी राहिले, तक्रार नाही. पण छेदाच्या उजव्या टोकाला रुपयाएवढी जागा आहे. तिथे परकराची नाडी टेकली की कळ थेट जांघेत जाते. दोनदा दाखवलं. दोन्ही वेळा पोटाला हातही न लावता "भरून येतंय, मनावर घेऊ नका". माझं मत: तीन महिन्यांपुढे दुखत असेल तर डॉक्टरांनी नीट तपासायलाच हवं.

शिरीष_काका: असहमत. सौ.ना आठ महिने ओढ लागायची, गेली आपोआप. नेटवर वाचून माणूस जास्त घाबरतो. ओळखीतल्या एकीने 'आतडी चिकटलीत' म्हणून पुन्हा पोट उघडून घेतलं, वर्षात परत तेच. चिकटलेलं सोडवायचं म्हणजे आत नवी जखम, ती पुन्हा चिकटते. थांबा म्हणणारा डॉक्टर शहाणा.

भूलवाली: काका, कापा म्हणतंय कोण? तपासा म्हणतेय ती. अनघाताई, उताणं झोपा, दुखऱ्या जागी बोट दाबून ठेवा आणि डोकं-खांदे उचला. पोट ताठ झाल्यावर दुखणं वाढलं तर बहुधा ते पोटाच्या भिंतीतलं. आडव्या छेदाच्या टोकाशी जांघेकडे जाणारी नस असते, ती कधी टाक्यात, कधी व्रणात सापडते. तिथेच भुलीचं इंजेक्शन देऊन बघतात. कळ थांबली तर चोर सापडला. आतलं दुखणं असेल तर उरलेलं एंडोमेट्रिओसिस (गर्भाशयाच्या अस्तरासारखं अस्तर बाहेर वाढणं), ओटीपोटाचे आखडलेले स्नायू, लघवीचा संसर्ग असं बरंच बघावं लागतं. आणि ताप, घाण वासाचा स्राव किंवा रक्त असेल तर त्याच दिवशी दवाखाना.

केजकर: आमच्याकडं धीर धरा म्हणायलाबी कोणी नसतं. चुलतीची पिशवी बत्तिसाव्या वर्षी काढली, महिन्यात उसाच्या फडात. डोक्यावर मोळी, फळीवरून ट्रकवर चढायचं. दुखतंय म्हणली की मुकादम म्हणणार, कामाचा कंटाळा. खाडा पडला की पैसे कापले. २०१९ ला सरकारी समितीनं बीडमधल्या ८२,३०९ ऊसतोड बायांची पाहणी केली, १३,८६१ जणींची पिशवी काढलेली निघाली.

शिरीष_काका: हे भयंकरच आहे. पण तिथे मुळात काढायची गरज होती का, हा प्रश्न. धागा वेगळा आहे.

केजकर: वेगळा कसा? मुकादमाकडनं आगाऊ पैशांची उचल घेतलेली असती, ती कामातनंच फेडायची. तुमच्या सौ.नी आठ महिने वाट बघितली, चुलतीनं ते आठ महिने कुठून आणायचे?

अनघा_४६: आत्ता झोपून करून पाहिलं. डोकं उचललं आणि बोटाखाली चटकाच बसला, नवरा धावत आला. शनिवारी दुसऱ्या डॉक्टरांकडे नंबर लावलाय. काका, पोट उघडून घेणार नाहीये, काळजी नको. त्यांचं बोट धरून त्या जागेवर ठेवणार आहे.